दूरचे विमान दिसते, शेजारचे दिसत नाही : पोर्टेबल ट्रॅफिक रिसीव्हरची नेहमीची तक्रार

सांगलीत विश्रामबागेत माझे इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, आणि खासगी वैमानिकाचा परवाना गाठीशी असल्यामुळे कराडकडे उड्डाण शिकणारी मुले आपापले पोर्टेबल ट्रॅफिक रिसीव्हर, म्हणजे आसपासची विमाने टॅबच्या पडद्यावर दाखवणाऱ्या छोट्या डब्या, घेऊन माझ्याकडे येत असतात. उपकरणे वेगवेगळ्या बनावटीची असतात, पण तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "काका, मुंबईहून बंगळूरला जाणारे विमान शंभर मैलांवरून दिसते, आणि सर्किटमध्ये माझ्यापुढे असलेले विमान काही केल्या पडद्यावर येत नाही." (सर्किट म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घातली जाणारी ठराविक फेरी.) रिसीव्हर बिघडला आहे हे गृहीत धरूनच तो माझ्या टेबलावर ठेवला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा धडधाकट असतो. त्याला उघडून पाहण्याआधी काय काय तपासावे हे प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

सर्वांत आधी एक समजूत दुरुस्त करावी लागते. या डबीला विमाने दिसत नाहीत, तिला ती ऐकू येतात. ती रडार नव्हे, ती स्वतः कोणताही लहरींचा झोत बाहेर टाकत नाही, आणि जे विमान बोलत नाही ते तिच्या लेखी अस्तित्वातच नसते. प्रवासी विमाने एडीएस-बी पद्धतीने बोलतात, म्हणजे उपग्रहांच्या साहाय्याने ठरवलेले आपले स्थान, उंची आणि वेग ती १०९० मेगाहर्ट्झवर कोणी विचारो वा न विचारो सतत जाहीर करत असतात. हवेत असताना स्थानाचा संदेश सेकंदाला साधारण दोनदा बाहेर पडतो. याउलट, शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या दोन-चार आसनी विमानांत अनेकदा केवळ मोड सी प्रकारचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारच्या प्रश्नाला रेडिओवरून उत्तर देणारे यंत्र, असतो. तो विचारल्यावरच उत्तर देतो, आणि त्या उत्तरात चार आकडी स्क्वॉक कोड (वैमानिकाने लावलेला ओळखीचा आकडा) किंवा उंची असते, स्थान नसते. त्यात कराडच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत उभी, आणि सर्किटची उंची जमिनीपासून जेमतेम हजार फूट. दूरच्या रडारचा प्रश्न तिथपर्यंत पोहोचला नाही तर हा ट्रान्सपॉन्डर अगदी चालू स्थितीत असूनही गप्प राहतो, आणि डोक्यावरून जाणाऱ्या एखाद्या प्रवासी विमानाच्या टीकॅसने (टक्कर टाळण्याच्या यंत्रणेने) विचारणा केली की अचानक बोलू लागतो. "काल दिसत होते, आज दिसत नाही" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

गोंधळात भर पडते ती परदेशी माहितीपत्रकांमुळे. अमेरिकेत जमिनीवरील केंद्रे रडारवर दिसणाऱ्या, स्वतः एडीएस-बी न पाठवणाऱ्या विमानांचीही स्थाने पुन्हा प्रसारित करतात, आणि तिथे १०९० च्या जोडीला ९७८ मेगाहर्ट्झची वेगळी व्यवस्थाही आहे. ही पुनःप्रसारणाची सेवा तिथेही मुख्यतः एडीएस-बी पाठवणाऱ्या विमानासाठी, त्याच्याभोवती १५ नॉटिकल मैल आणि वर-खाली ३,५०० फूट एवढ्या परिघापुरती दिली जाते. आपल्याकडे ९७८ ची व्यवस्था नाही. त्या माहितीपत्रकातील भरगच्च पडदा पाहून आपला पडदा रिकामा का, असा प्रश्न मुलांना पडणे स्वाभाविक आहे. जे विमान स्वतः १०९० वर स्थान सांगते तेवढेच आपल्याला नकाशावर बिंदू म्हणून मिळणार. दोन रेडिओ असलेल्या डबीतील ९७८ चा रेडिओ आपल्याकडे निव्वळ वीज खातो. तो सेटिंगमधून बंद करावा. दोन्ही अँटेनांची अदलाबदल झाल्याची भीती मात्र अनेकांना उगाचच वाटते, कारण पाव तरंगलांबीच्या हिशेबाने त्यांच्या लांबीत आठ मिलिमीटरच्या आसपासच फरक असतो.

म्हणून पहिली तपासणी रिसीव्हरची नव्हे, पुढच्या विमानाची. त्या विमानात कोणता ट्रान्सपॉन्डर आहे, तो एडीएस-बी पाठवतो का, आणि पाठवत असल्यास त्याला जीपीएसची जोडणी खरोखर दिलेली आहे का, हे तिथल्या देखभाल अभियंत्याला विचारावे. ही जोडणी नसेल तर असा ट्रान्सपॉन्डर ओळख आणि उंची सांगतो, पण स्थान सांगत नाही. काही रिसीव्हर अशा विमानाला, तसेच मोड सीवाल्याला, नुसत्या सिग्नलच्या जोरावरून अंदाज बांधून आपल्याभोवती एका वर्तुळाच्या रूपात दाखवतात. त्या वर्तुळाचा अर्थ "कुठेतरी जवळपास, अमुक उंचीवर" एवढाच आहे. ते कोणत्या दिशेला आहे हे त्या वर्तुळावरून कळत नाही, आणि वर्तुळाच्या कडेवर नजर रोखून विमान शोधणारी मुले मी पाहिली आहेत. याशिवाय अगदी साधे कारणही विसरू नये: ट्रान्सपॉन्डरची कळ 'स्टँडबाय' वरून 'ऑल्ट' वर (उंचीसह उत्तर देण्याच्या स्थितीवर) आणायची राहून गेलेली असते.

पुढचे विमान बोलते आहे याची खात्री झाली, तरीही ते दिसत नसेल तर मग रिसीव्हरकडे वळावे. इथे एक कारण असे आहे की ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटेच वाटते. घरी जुळवलेल्या, संगणकाच्या छोट्या टीव्ही-ट्यूनर डोंगलवर चालणाऱ्या रिसीव्हरमध्ये सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, म्हणजे गेन, कमाल ठेवलेला असतो, आणि हौसेने त्याला वेगळा अँप्लिफायरही लावलेला असतो. दूरच्या क्षीण आवाजासाठी ते ठीक. पण दोन मैलांवरील विमानाचा सिग्नल इतका जोरकस येतो की रिसीव्हरची आत घेण्याची मर्यादा ओलांडली जाते, संदेश विद्रूप होतो आणि टाकून दिला जातो. कानाशी कोणी ओरडले की शब्द कळत नाहीत, तसाच हा प्रकार. याची ओळख अशी की विमान पाच-सहा मैलांवर असेपर्यंत नीट दिसते, जवळ येऊ लागले की झटके देते आणि अगदी जवळ आल्यावर नाहीसे होते. अँप्लिफायर काढावा, गेन टप्प्याटप्प्याने उतरवावा, आणि दूरची पाच-दहा प्रवासी विमाने गमावली तरी त्याची खंत करू नये. त्यांच्याशी आपली गाठ पडणार नसते.

ही चाचणी जमिनीवर करताना एक चकवा आहे. उभ्या असलेल्या विमानाचे एडीएस-बी संदेश वेगळ्या प्रकारचे असतात आणि स्थानाचा संदेश पाच सेकंदांतून एकदाच निघतो. शिवाय अनेक ॲप जमिनीवरील विमाने मुळातच लपवतात. त्यामुळे दोन विमाने ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, शेजारी उभी करून "पाहा, दिसत नाही" असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. आधी ॲपमधील तो पर्याय चालू करावा, आणि उंचीची गाळणीही पाहावी. ती अरुंद ठेवलेली असली तर जमिनीवरून डोक्यावरचे एकही विमान दिसणार नाही आणि रिसीव्हर ठार बहिरा वाटेल.

माझ्या गच्चीवरील चाचणी सोपी आहे. फुटांतील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला १.२३ ने गुणले की साधारण किती नॉटिकल मैलांपर्यंत सरळ रेषेत ऐकू यावे हे निघते. ३५,००० फुटांवरील विमानासाठी ते सुमारे २३० मैल येते, म्हणून मोकळ्या गच्चीवर दीडशे मैलांवरची विमाने ऐकू आली तर रिसीव्हर आणि अँटेना ठीक आहेत असे मी समजतो. हेच गणित १,००० फुटांवरील विमानासाठी केले तर जेमतेम ३९ मैल येतात. कराड सांगलीपासून सरळ रेषेत पस्तीसेक मैलांवर आहे आणि मध्ये डोंगर आहेत. तेव्हा विश्रामबागेत बसून कराडचे सर्किट दाखवा, हा आग्रह कोणी धरू नये. एकाने धरला होता.

गच्चीवर उत्तम चालणारा रिसीव्हर विमानात गेल्यावर कमी ऐकतो, कारण तो धातूच्या पेटीत बसतो. समोरच्या काचेखाली ठेवल्यास इंजिन आणि विमानाचे नाक पुढचा-खालचा भाग झाकते, वरचे पंख वरचा भाग झाकतात, आणि बसलेल्या माणसांची शरीरेही या लहरी चांगल्याच शोषतात. ट्रान्सपॉन्डरची अँटेना सहसा विमानाच्या पोटाखाली असते, त्यामुळे आपल्यापेक्षा खालून जाणाऱ्या विमानाचा आवाज त्याच्याच धडामागे अडतो. म्हणजे डाउनविंडवर (सर्किटच्या धावपट्टीला समांतर टप्प्यात) तुम्ही वर आणि ते थोडे खाली व मागे, ही सर्वांत नको असलेली स्थिती आणि रिसीव्हरची सर्वांत वाईट स्थिती एकच आहे. उपाय एवढाच की डबी बाजूच्या किंवा मागच्या खिडकीला रबरी वाटीने चिकटवावी, अँटेना काटेकोर उभी ठेवावी (हे सिग्नल उभ्या ध्रुवणाचे असतात, आडवी पडलेली अँटेना अर्धी बहिरी होते), आणि होकायंत्रापासून दूर ठेवून बसवल्यानंतर त्याच्या सुईत फरक पडत नाही ना, हे पाहावे. रबरी वाटी कराडच्या एप्रिलमध्ये टिकत नाही. काच आणि वाटी दोन्ही पुसून थोड्या पाण्याने लावल्या तर तासभर धरते, तरी दोरीचा एक फास ठेवावाच. उड्डाण घेताना पायाजवळ पॅडलच्या मागे गेलेली डबी ही चेष्टेची गोष्ट नाही.

आता दुसरी तक्रार, जी पहिलीच्या नेमकी उलटी आहे: नसलेले विमान दिसते. एकदा इन्स्ट्रक्टरच्या परवानगीने मी मागच्या आसनावर बसून एका मुलाचा रिसीव्हर पाहत होतो. कोयनेचे पात्र ओलांडून आगाशिवच्या डोंगराकडे वळत असताना टॅबने इशारा दिला, की मागे अगदी जवळ, शंभर फूट खाली विमान आहे. मुलाने डावीकडे वळण घेतले, ते विमानही वळले. त्याने सरळ केले, तेही सरळ झाले. इन्स्ट्रक्टरने मान वळवून मला विचारले, "तुमच्या बाजूने काही दिसते आहे का?" मला खाली उसाचे फड आणि त्यांवरून सरकणारी आमचीच सावली एवढेच दिसत होते. काखेत कळसा म्हणतात तो हा. आमचाच ट्रान्सपॉन्डर आमच्याच रिसीव्हरला ऐकू येत होता, आणि ते परके विमान आहे असे त्याला वाटत होते. ९० नॉट वेगाने विमान सेकंदाला सुमारे ४६ मीटर कापते. संदेश पडद्यावर उमटायला तीनेक सेकंद लागले की आपलेच भूत आपल्यामागे दीडशे मीटरवर चालू लागते, आणि ते प्रत्येक वळणात साथ देते.

याचे कारण असे की रिसीव्हरमध्ये आपल्या विमानाचा २४ बिटांचा आयकाओ कोड, म्हणजे प्रत्येक विमानाचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भरावा लागतो, म्हणजे तो स्वतःला ओळखून वगळतो. मुले रोज वेगळ्या विमानात बसतात आणि डबी तीच असते. त्या दिवशीही तिच्यात आदल्या दिवशीच्या विमानाचा कोड होता. यातला धोका भुतापुरता नाही. आदल्या दिवशीचे विमान खरोखरच आसपास उडत असेल, तर रिसीव्हर त्याला "हे तर मीच" म्हणून पडद्यावरून पुसून टाकेल. "शेजारचे विमान दिसत नाही" या तक्रारीची ही सर्वांत घातक आवृत्ती आहे, आणि ती शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला होता, कारण गच्चीवर ती कधीच सापडत नाही.

कोड भरतानाही चूक होते. विमानाच्या कागदपत्रांत तो कधी सोळांशी (हेक्साडेसिमल), कधी अष्टमान (ऑक्टल) पद्धतीने लिहिलेला असतो. भारतीय विमानांचा सोळांशी कोड सहा अंकी असून ८०, ८१, ८२ किंवा ८३ ने सुरू होतो. तोच अष्टमान पद्धतीत आठ अंकी होतो आणि ४० ने सुरू होतो. आठ अंक दिसले आणि सुरुवात ४० ने असली तर तो जसाच्या तसा न भरता आधी रूपांतरित करावा. ज्या विमानात मोड सी आहे तिथे मात्र या कोडाचा उपयोग नाही, कारण मोड सीच्या उत्तरात असा कोड नसतोच. तिथे आपल्याच उंचीवर सतत दिसणारे वर्तुळ हे आपलेच आहे हे ओळखून ॲपमधील संबंधित गाळणी लावावी लागते.

उंचीतील फरक हा तिसरा प्रकार, आणि माझ्या मते यातच खरी मेख आहे. पडद्यावर समोरच्या विमानापुढे "+०३" असे लिहिलेले असेल तर ते आपल्यापेक्षा ३०० फूट वर आहे. ते विमान आपली उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावर आधारून सांगते; त्या वैमानिकाने आपल्या अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) कोणता क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने काढलेला स्थानिक हवेचा दाब, लावला आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. वजाबाकी बरोबर यायची तर आपली उंचीही त्याच मापाची हवी. ज्या रिसीव्हरमध्ये दाबमापक आहे तो ती देतो, पण कॉकपिटमधल्या हवेचा दाब मोजून. खिडकी किंवा हवेचे छिद्र उघडले की आतला दाब किंचित बदलतो आणि आकडा सरकतो. समपातळीत उडताना अल्टिमीटर क्षणभर १०१३ वर आणून रिसीव्हरच्या आकड्याशी ताडून पाहावे, मग छिद्र बंद करून पुन्हा पाहावे; आणि क्यूएनएच लगेच परत लावावा, हे न विसरता.

दाबमापक नसेल किंवा तो बंद पडला असेल तर काही ॲप मुकाट्याने जीपीएसची उंची वापरतात, आणि मग तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींत मिसळतात. उष्ण हवा प्रसरण पावते, त्यामुळे प्रमाण तापमानापेक्षा दर अंश सेल्सिअस जास्त असताना दर १,००० फुटांमागे खरी उंची सुमारे ४ फुटांनी अधिक असते. धावपट्टीपासून ३,००० फूट उंचीवर असताना आणि हवा २५ अंशांनी अधिक तापलेली असताना हा फरक ३०० फूट होतो. क्यूएनएच १०१३ पेक्षा कमी असेल तर दर हेक्टोपास्कलला सत्तावीस-अठ्ठावीस फूट या हिशेबाने दाबावरची उंची वर सरकते, म्हणजे आधीची चूक काही अंशी फिटते. तिसरी चूक आपल्या भूगोलाची आहे. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा मोठा खळगा आहे, आणि त्याच्या प्रभावामुळे आपल्या भागात सरासरी समुद्रसपाटी ही जीपीएसच्या गणिती लंबगोलापेक्षा सुमारे ६० ते ७० मीटर खाली आहे. रिसीव्हरने ही दुरुस्ती न करता लंबगोलावरची उंची तशीच पुढे पाठवली, तर ती २०० फुटांहून अधिक कमी दाखवते. कराडची धावपट्टी सुमारे १,९०० फुटांवर असताना डबी सतराशेच्या खाली आकडा दाखवत असेल तर हेच झाले आहे असे समजावे.

या तिन्हींपैकी काही चुका वर ओढतात, काही खाली. त्यामुळे एखाद्या तापलेल्या दुपारी बेरीज जवळजवळ शून्य होते आणि उंची अगदी बरोबर दिसते. थंडीतल्या सकाळी उष्णतेची चूक नाहीशी होते आणि २०० फुटांचा फरक उघडा पडतो. मग मुले सांगतात, "थंडीत बिघडतो." तो थंडीत बिघडत नाही; उन्हाळ्यात बिघाड झाकला जातो.

बाकी किरकोळ. रिसीव्हर आणि टॅब यांच्यातील वायफायला इंटरनेट नसते, म्हणून फोन किंवा टॅब "इथे इंटरनेट नाही" म्हणत परस्पर मोबाइल डेटावर जातो आणि पडदा गोठतो. उड्डाणाआधी मोबाइल डेटा बंद करावा, आणि आयपॅडवर ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी दिलेली आहे का हे पाहावे. बारीक तारेची स्वस्त चार्जिंग केबल पुरेसा प्रवाह देत नाही व डबी मधूनच पुन्हा सुरू होते. चांगल्या जाड केबलने हा दोष बहुधा जातो. विमानातील सॉकेटला चार्जर लावण्यापूर्वी तिथला दाब १४ व्होल्ट आहे की २८, हे विचारूनच लावावे, कारण फक्त १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी केलेला चार्जर २८ वर जळतो. उन्हात काचेखाली ठेवलेला आयपॅड तापून स्वतःला बंद करतो. त्यावर पांढरा रुमाल टाकणे हा आमच्याकडचा उपाय, आणि तो चालतो.

हे सर्व करूनही काही जण दिसणार नाहीतच. पाचगणीच्या कड्यावरून निघणारे पॅराग्लायडर, उसावर फवारणी करणारे ड्रोन आणि दुपारच्या गरम हवेत घिरट्या घालणाऱ्या घारी १०९० वर बोलत नाहीत. धावपट्टीजवळ रेडिओवर आपले स्थान वेळच्या वेळी सांगणे आणि दुसऱ्याचे ऐकणे यातून जे कळते ते या डबीतून कळत नाही. ती लावल्यापासून मुलांची मान खाली राहते, ही इन्स्ट्रक्टरांची तक्रार मला रास्त वाटते. म्हणून मी आवाजी इशारा चालू करून टॅब मांडीवरून काढायला सांगतो.

ज्या मुलाच्या तक्रारीने ही टिपणे सुरू झाली, त्याच्या रिसीव्हरमध्ये शेवटी काहीच दोष निघाला नाही. पुढच्या विमानात मोड सी होता. त्याने आता एक चिठ्ठी करून मांडीवरच्या पॅडला चिकटवली आहे: ज्या विमानांशी त्याची सर्किटमध्ये गाठ पडते त्यांची नोंदणीची अक्षरे, प्रत्येकासमोर "स्थान सांगते", "फक्त उंची सांगते" किंवा "माहीत नाही", आणि तळाशी पेन्सिलने, म्हणजे रोज खोडून लिहिता येईल असा, आजच्या विमानाचा सहा अंकी कोड.